वाचनालयात माणसं यावीत म्हणून
(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत कोकण किनाऱ्यावरच्या एका सार्वजनिक वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात आमचं वाचनालय आहे, मी तिथला कार्यवाह. वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, ग्रंथपाल दिन असे सगळे दिवस आम्ही साजरे करतो. वक्ते बोलावतो, शाल-श्रीफळ देतो. तरी समोर बसलेली माणसं बहुतेक कार्यकारी मंडळातलीच. गेल्या आषाढात व्याख्यान ठेवलं, तर पुढच्या दोन रांगाही भरल्या नाहीत. लहान मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सगळ्यांनी यावं यासाठी काय करावं?

उत्तर : नमस्कार. आषाढातल्या व्याख्यानाला माणसं कुठून येणार? तेव्हा सगळं गाव लावणीच्या चिखलात असतं. दिवसभर तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढून रोवलेली बाई संध्याकाळी घरी येते ती पाठ धरूनच, तिला तुम्ही खुर्चीवर ताठ बसवून दीड तास भाषण कसं ऐकवणार? कार्यक्रम काय करायचा हे नंतर ठरवा. आधी गावाचं वर्ष समोर ठेवा आणि कोणाचे हात कधी मोकळे असतात ते बघा.

तुमच्याकडे मार्चपासून मे संपेपर्यंत मोठी माणसं कलमांच्या बागेत आणि पेट्या भरण्यात असतात. पण त्याच मे महिन्यात मुलांना सुट्टी असते आणि मुंबईची नातवंडं आजोळी येतात, म्हणून मे हा मुलांचा महिना. सकाळी आठ ते दहा, उन्हं तापायच्या आत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. शेतकरी लावणीत अडकलेला असतो तेव्हा खलाशी बंदरावर जाळी दुरुस्त करत बसलेला असतो. त्याला वाचनालयात बोलावू नका. एका ट्रंकेत वीस-पंचवीस पुस्तकं, मासिकं आणि त्या दिवशीची वर्तमानपत्रं घालून तुम्हीच बंदरावर जा. हात कामात असले तरी कान मोकळे असतात. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. भातकापणी उरकली की मोठ्यांचे कार्यक्रम घ्या, मात्र जत्रेच्या रात्री काही ठेवू नका. गावाला दशावतार बघायचा असतो, आणि तो बघावाच.

दुसरी गोष्ट, वर्षातून चार मोठे कार्यक्रम करण्यापेक्षा आठवड्यातून एक ठरलेला तास पाळा. माणसाला सवय तासाची लागते, तारखेची लागत नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शनिवारी दुपारी चार ते पाच हा गोष्टीचा तास धरा आणि दोनच मुलं आली तरी तो चुकवू नका. खुर्च्या नकोत, सतरंजी अंथरा. चार ते आठ वर्षांची मुलं पुढे. वाचणाऱ्याने पुस्तक छातीशी धरून पानं मुलांकडे करायची आणि मजकूर वरून वाकून वाचायचा. याला थोडा सराव लागतो, पण चित्र दिसलं नाही तर चार वर्षांचं मूल पाच मिनिटांतच उठतं. एकच गोष्ट, फार तर दोन. नंतर लगेच देवघेव. प्रत्येक मुलाने त्याच दिवशी एक पुस्तक घरी न्यायचं, अनामत न भरता. ज्या कार्यक्रमानंतर पुस्तक घरी जात नाही, तो माझ्या लेखी वाचनालयाचा कार्यक्रमच नव्हे. तो समाजमंदिरातही झाला असता.

आता म्हाताऱ्या माणसांचं. नातवाला घेऊन आजी येते आणि दारात उभी राहते, कारण आत तिच्यासाठी काही आहे असं तिला कोणी सांगितलेलंच नसतं. तिला खुर्ची द्या. मग तिला विचारा. आमच्याकडे एका शनिवारी भाताच्या जुन्या जातींचा विषय निघाला. वालय, पटणी, सोरटी, एकेक नाव आजी सांगत होत्या आणि सहावीतली एक मुलगी वहीत लिहीत होती. वालयपाशी आजी थांबल्या. "आता खंय गावता वालय? पेज करूची ती वालयाचीच," असं म्हणून त्यांनी तांबड्या तांदळाची पेज कशी आटवायची ते सांगितलं. मुलीने तेही लिहिलं, आणि मध्येच विचारलं, "आजी, भात लाल का?" त्यावर आजीने दुसऱ्या दिवशी घरून मूठभर दाणे आणून टेबलावर ठेवले. पुढच्या शनिवारी तीन आज्या आल्या. त्यातल्या दोघींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि वाचनालयाच्या सगळ्यात नेमाने येणाऱ्या माणसांत त्या होत्या.

अशी गावची वही तुम्ही जरूर करा. कोपऱ्यांची, म्हणजे भातशेताच्या तुकड्यांची नावं, विहिरी, खाडीतल्या माशांची नावं, कुठल्या पुरात पाणी कुठवर चढलं, जुन्या गलबतांच्या आठवणी. गजाली सांगायला माणसं आपणहून येतात, भाषण ऐकायला येत नाहीत. लिहिण्याचं आणि मोबाइलवर आवाज टिपण्याचं काम आठवी ते दहावीच्या मुलांना द्या. त्या वयाच्या मुलांना "या, वाचा" म्हटलेलं रुचत नाही, पण जबाबदारीचं काम दिलं की ती येतात. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या गावी कोणाकडे तरी ठेवा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं, आणि 22 जुलै 2021 च्या महापुरात तिथेही पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. छापलेलं पुस्तक पुन्हा कुठेतरी मिळेल. आजीने सांगितलेलं एकाच वहीत असेल तर ते मिळणार नाही.

कॉलेजच्या मुलामुलींना कार्यक्रमापेक्षा जागा हवी असते. एक लांब टेबल, चांगला उजेड, पंखा, प्यायचं पाणी आणि स्वच्छ शौचालय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना एवढं पुरतं. मुलींसाठी मात्र वेळ शेवटच्या एसटीचं वेळापत्रक बघून ठरवा. सात वाजता शेवटची गाडी जात असेल तर आठपर्यंत उघडं ठेवलेलं वाचनालय पलीकडच्या वाडीतल्या मुलीसाठी बंदच असतं. याच मुलांकडून खरिपात ई-पीक पाहणीच्या, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करायच्या दिवसांत एक मदतीचा तास ठेवा. शेतकऱ्याने स्वतःचा फोन स्वतःच्या हातात धरायचा, मुलाने शेजारी बसून दाखवायचं, आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, मदत करणाऱ्या मुलालासुद्धा नाही. हे पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

हे सगळं तुमच्या ग्रंथपालांच्या डोक्यावर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. गावातल्या ग्रंथपालाला मिळतं ते मानधन काय असतं, मला ठाऊक आहे. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, गोष्ट चांगली सांगणारी एखादी काकू यांना तास वाटून द्या. शाल-श्रीफळाचे पैसे वाचतील, त्यातून मोठ्या टायपातली पुस्तकं घ्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कितीतरी माणसं वाचन सोडतात आणि नंतर पुन्हा धरतच नाहीत.

प्रश्न : मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. बालविभागाचं कपाट कुलूपबंद ठेवा असं मंडळाचं म्हणणं आहे. मुलं पुस्तकं फाडतात, तपासणीला काय दाखवायचं, असं ते विचारतात. मी काय सांगू?

उत्तर : त्यांना कपाटाजवळ न्या आणि पावसाळ्यात ते उघडून दाखवा. आपल्या हवेत बंद कपाटातल्या पुस्तकांवर बुरशी किती लवकर चढते, ते वासावरूनच कळेल. वाळवी आणि कसर लागते ती न हलवलेल्या पुस्तकांना. मुलं फाडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पुस्तकं कोकणात कुलपाने मेली आहेत. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच सांगतो की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. तपासणीला येणारे अधिकारी हेच शिकून आलेले असतात. फाटलेलं पुस्तक आणि शेजारी देवघेवीची भरलेली वही दाखवा.

फाटलेली पानं चिकटवायला मुलांनाच बसवा, पावसाळ्यात त्याचाही एक तास होतो. साधी मैद्याची खळ, पातळ कागदाच्या पट्ट्या, वर वजन. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते मुलांच्या हाती देऊ नका, विषारी असतं. स्वतः चिकटवलेलं पुस्तक मूल दुसऱ्याला फाडू देत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा, उघडीप मिळाली की पुस्तकांना सावलीतला वारा द्या.

प्रश्न : आम्ही चाकरमानी, डोंबिवलीला असतो. वडिलांचा पुस्तकसंग्रह गावच्या वाचनालयाला द्यायचा आहे. गणपतीत गावी जाऊ तेव्हा छोटा समारंभ करून पेट्या देऊ का?

उत्तर : वडिलांची पुस्तकं गावात वाचली जावीत ही इच्छा फार चांगली आहे. पण आधी यादी पाठवा. वाचनालयाकडे जागा किती, कोणती पुस्तकं त्यांच्याकडे आधीच आहेत, हे त्यांना बघू द्या, आणि त्यांनी नको म्हटलेली पुस्तकं मनाला लावून न घेता दुसरीकडे द्या. कालबाह्य गाइडं आणि भिजून चिकटलेले अंक पाठवू नका. पुस्तकांबरोबर एक लोखंडी रॅकही दिलात तर ती लगेच मांडली जातील, नाहीतर पेट्या माळ्यावर चढतात.

समारंभ गणपतीत नको. घराघरात आरत्या आणि भजनं चालू असतात, रात्री फुगड्या असतात, कोणाला सवड नसते. त्याऐवजी मे महिन्यात आलात की मुलांच्या एका सकाळी जा आणि वडिलांच्या आवडीचं एखादं पुस्तक तिथे वाचून दाखवा. जाण्याआधी ग्रंथपालांना फोन करून वेळ विचारा, आणि पुस्तक मुलांना झेपेल असं निवडा.