लीग की युनियन?

मांडवीच्या वाळूवर तुम्ही पोरं रग्बी खेळायला लागलात, फार बरं वाटलं. रग्बीचे दोन प्रकार, लीग आणि युनियन; मी पक्का युनियनवाला. लीगमध्ये १३ खेळाडू, सहाव्या पकडीला चेंडू समोरच्यांकडे, वेग भन्नाट. पण पकड झाली की गडी उठतो, पायाने चेंडू मागे सरकवतो, झटापट संपली. युनियनमध्ये खरी लढाई तिथेच पेटते: पडलेल्याच्या वर दोन्ही बाजू रेटतात, एखादा वाकून चेंडूला हात घालतो. कबड्डी बघत वाढलेल्या रत्नागिरीकराला ते लगेच भिडेल.

तरी लीगला कमी लेखू नकोस. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडचे क्लब युनियनमधून फुटले ते खेळापायी मजुरी बुडणाऱ्या कामगारांना भरपाई देता यावी म्हणून. युनियनने पैसे उघडपणे मान्य करायला १९९५ उजाडलं!

तू मात्र आधी पकड शीक. खांदा लाव, डोकं बाजूला ठेव.