दम्यात श्वासनलिकेची भिंत जाड होते म्हणतात. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढणं, न करता ती पाहता येते का?

बऱ्याच अंशी येते, पण नेहमीच्या दवाखान्यात नाही. हे अजून मुख्यतः संशोधनातलं काम आहे.

सीटी स्कॅनमध्ये मोठ्या नळ्यांच्या भिंतीची जाडी मोजता येते. ती स्नायूमुळे, सुजेमुळे की कोलॅजन या तंतुमय प्रथिनामुळे, हे मात्र त्यात कळत नाही. तिथे ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी उपयोगी पडते. ब्रॉन्कोस्कोपमधून, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीतून, बारीक प्रोब आत घालतात आणि अवरक्त प्रकाशात भिंतीचे थर साधारण १०-१५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाईने दिसतात. तत्त्व सोनोग्राफीसारखंच, फक्त आवाजाऐवजी प्रकाश. भिंतीच्या आत मात्र २-३ मिलिमीटरपर्यंतच दिसतं.

खरी गंमत ध्रुवित प्रकाशाच्या, म्हणजे ज्याच्या लहरी ठरावीक दिशेतच कंप पावतात अशा प्रकाशाच्या, ओसीटीत आहे. स्नायूंचे तंतू ठरावीक दिशेने रचलेले असतात, त्यामुळे परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलतं आणि आजूबाजूच्या ऊतीतून स्नायू वेगळा ओळखू येतो. दम्याच्या झटक्यात आवळतो तो हाच स्नायू. ब्रॉन्कियल थर्मोप्लास्टी या दम्याच्या उपचारात उष्णता देऊन कमी करतात तोही हाच, त्यामुळे तो कुठे किती आहे हे आधी दिसणं मोलाचं.

ऊतीची रासायनिक घडण हवी असेल तर बहुधा तुकडा काढावाच लागतो. त्यावर रामन किंवा अवरक्त स्पेक्ट्रोस्कोपी करतात, म्हणजे प्रकाश टाकून त्यातले रेणू ओळखतात. रंग न लावता प्रथिनं आणि मेद यांच्या खुणा मिळतात.

तुम्हाला स्वतःच्या निदानासाठी हवं असेल तर यातलं काही मागू नका, आधी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची चाचणी, करून घ्या.