बफेलोच्या बर्फासाठी ठाण्यातली एफडी मोडावी का?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, ठाण्यात नौपाड्यात राहतो. मुलाने गेल्या वर्षी अमेरिकेत बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्कला घर घेतलं. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत ६० मीटर लांब, ४ मीटर रुंद डांबरी ड्राइव्हवे आहे. बर्फ काढायला तो नवा गार्डन ट्रॅक्टर आणि पुढे बसणारा स्नोब्लोअर घ्यायचं म्हणतो, किंमत ९,५०० डॉलर. घरासोबत गवत कापायचा जुना ट्रॅक्टर मिळालाय, पण त्याला हे काम झेपणार नाही म्हणतो. घराच्या हप्त्यांमुळे त्याची ओढाताण आहे. आमची ९ लाखांची एफडी मोडून पैसे पाठवू का? आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे, पुढच्या वर्षी भाड्याच्या घरात जावं लागेल. त्याच्या इथल्या एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासी भारतीयांचं खातं) २ लाख नुसते पडून आहेत.

उत्तर : एफडी मोडू नका. मुलाची गरज खरी आहे, पण ती तुमच्या ठेवीला हात न लावता भागते. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यातच ते आहे.

आधी किंमत नीट मांडू. अमेरिकेत दुकानातली किंमत करासकट नसते. ऑर्चर्ड पार्क ईरी काउंटीत येतं आणि तिथे विक्रीकर ८.७५ टक्के. म्हणजे ९,५०० चे झाले १०,३३१ डॉलर. हिशेबाला डॉलर ९० रुपये धरला तर ९ लाख ३० हजार. एफडी पूर्ण मोडूनही तीस हजार कमीच. शिवाय पुढे जड ब्लोअर आला की मागची चाकं हलकी पडून जागच्या जागी फिरतात. त्यासाठी चाकांना चेन आणि मागे सत्तर-ऐंशी किलो वजन लागतं. या दोन्ही गोष्टी दुकानदाराच्या आकड्यात बहुधा नसतात. मुलाला विचारून घ्या. त्याचे आणखी पाचशे डॉलर धरू.

तुमच्या बाजूने पाहिलं तर ९ लाखांवर ७ टक्के धरून वर्षाला ६३,००० रुपये, म्हणजे महिन्याला सव्वापाच हजार व्याज कायमचं जाईल. मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात, ते वेगळं. आणि पुनर्विकासाचं काय? बिल्डर भाडं देतो हे खरं, पण घरमालकाची अनामत, दलाली, सामानाचा टेम्पो हे सगळं आधी तुमच्या खिशातून जातं. भाड्याचे चेक दोन-तीन महिने रखडले, तर हीच एफडी कामाला येणार आहे.

आता बर्फ. ठाण्यात पाणी कितीही तुंबलं तरी ओहोटी लागली की उतरतं. बर्फ जागचा हलत नाही, उलट रात्रीतून दगड होतो. ६० बाय ४ मीटरवर ३० सेंटिमीटर थर म्हणजे ७२ घनमीटर. भुसभुशीत ताजा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी सात टन, ओला असेल तर वीस टनांच्या वर. फावड्याने हे होणार नाही, मुलाचं बरोबर आहे.

जुन्या ट्रॅक्टरबद्दलही त्याचं बरोबर आहे. गवत कापायच्या ट्रॅक्टरचा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, गिअरबॉक्स हलक्या कामासाठी असतो. पुढे पातं लावून सतत ढकलायला लावलं तर आतलं तेल तापून पातळ होतं आणि गाडी ओढच धरत नाही. पंधरा सेंटिमीटरपर्यंत चेन लावून चालेल. पण पातं बर्फ फक्त बाजूला सारतं. बाजूचे ढीग गोठले की पुढच्या वेळी ढकलायला जागाच उरत नाही. ईरी सरोवराच्या वाऱ्याने एका दमात ढीगभर बर्फ टाकणाऱ्या त्या पट्ट्यात ब्लोअरच हवा.

पण ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच असं नाही. हाताने चालवायचा, स्वतः पुढे सरकणारा, दोन टप्प्यांचा २८ इंची ब्लोअर साधारण १,५०० डॉलरला येतो, करासह १,६३१. म्हणजे १ लाख ४७ हजार रुपये. यात ऑगर, म्हणजे पुढचा फिरणारा मळसूत्री दांडा, बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो धुराड्यातून लांब फेकतो. नुसत्या ऑगरवर चालणारा एक टप्प्याचा घेऊ नये.

वेळेचा फरक बघा. ट्रॅक्टरचा ४४ इंची ब्लोअर एका फेरीत मीटरभर साफ करतो, म्हणजे चार फेऱ्या. हाताच्या २८ इंचीला सात. पण दाट बर्फात दोन्ही माणसाच्या चालीनेच चालतात, कारण वेग चाकांवर नसून ब्लोअर किती बर्फ गिळतो त्यावर असतो. त्यामुळे वाचतात ती वीसेक मिनिटं. ट्रॅक्टरवर बसायला मिळतं, पण केबिन नसेल तर उडालेला भुगा तोंडावर येतोच. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला होता. तशा वेळी बागेतला कुठलाच ट्रॅक्टर पुरा पडत नाही.

पाच हिवाळे वापरून ट्रॅक्टर निम्म्या किमतीला विकला असं धरलं, तरी वर्षाला हजार-अकराशे डॉलर पडतात, पेट्रोल-तेल वेगळं. हाताचा ब्लोअर पाच वर्षांनी फुकट दिला तरी वर्षाला सव्वातीनशे. ट्रॅक्टर परवडतो तो उन्हाळ्यातही राबला तर. इथे गवताला जुना आहेच. मुलाची पाठ दुखरी असेल, तर हंगामाचं कंत्राट हा तिसरा मार्ग. त्यात किती इंच साठल्यावर येणार, किती वाजेपर्यंत येणार आणि फेऱ्यांना मर्यादा आहे का, हे लेखी घ्यावं.

म्हणून एनआरई खात्यातले २ लाख, म्हणजे सुमारे २,२०० डॉलर, त्याने स्वतःकडे वळवावेत. ते पैसे परत नेण्यावर बंधन नाही, टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही, तुमच्या एलआरएसशी (भारतात राहणाऱ्यांनी परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) संबंध नाही. उरलेल्या पाचशे-सहाशेत सुट्या भागांची सोय होते.

मुलाला एवढं कळवा. शिअर पिन डझनभर घेऊन ठेव. गोठलेलं वर्तमानपत्र किंवा दगड अडकला की ही पिन तुटते, ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी साधा कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो. डांबरावर ब्लोअरच्या बुटांची (खाली टेकणाऱ्या घसरपट्ट्यांची) उंची ३ मिलिमीटर पुरे. इंजिन पूर्ण वेगात, चाल हळू. ओल्या बर्फाने धुराडं तुंबलं तर इंजिन बंद करून काठीने मोकळं करायचं, हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी आतली पाती अडकलेल्या ताणाने झटका देतात. नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर ड्राइव्हवेच्या तोंडाशी कडक बांध टाकून जातो, तो गोठायच्या आत अर्ध्या रुंदीच्या घासांनी काढावा. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल संपवून ठेवावं, नाहीतर कार्ब्युरेटर चिकटतो.

यातूनही दोन-तीन वर्षांनी जुना ट्रॅक्टर बसला आणि तुम्हाला हातभार लावायचाच असेल, तर मुलाला दिलेली भेट करमुक्त असते. परदेशी टूर पॅकेज सोडून एका आर्थिक वर्षात बाकी सगळ्या कारणांसाठी मिळून १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही, वरच्या रकमेवर भेटीला २० टक्के. त्याच वर्षी तुम्ही अमेरिकेला जाताना नेलेलं परकीय चलनही या दहा लाखांत मोजलं जातं. कापला गेलेला टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. तेव्हा खरेदी एप्रिलमध्ये करावी. तिथे हिवाळा संपून लोक ब्लोअर विकायला काढतात, आणि इथे दहा लाखांची मोजणी शून्यापासून सुरू होते.