वाचक विचारतात: गाडीला डायवरच नाही म्हणे!

मागच्या अंकात बेंगळुरू मेट्रोच्या नव्या यलो लाइनवर चार ओळी काय लिहिल्या, तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज थांबेनात. त्यातले चार प्रश्न यावेळी घेतोय, पीकविम्यावाल्यांनी रागवू नये, त्यांचं पुढच्या अंकात.

नंदगडहून एक ताई: मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला आहे, सासूबाईंना घेऊन त्याच्याकडं जायचंय. वंदे भारतनं जाणार, पुढं मेट्रो. पोरगं बोलून गेलं की नवीन मेट्रोला डायवर नसतोय, तेव्हापासून सासूबाई म्हणालेत मी त्यात पाय ठेवणार न्हाई. खरंच नसतोय काय ओ?

ताई, पोराचं म्हणणं अर्धं खरं आहे. यलो लाइन १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, आपली बेळगाव-बेंगळुरू वंदे भारतपण त्याच दिवशी. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र, १९ किलोमीटर, १६ स्टेशनं. गाड्या अशा बनवल्यात की पुढं माणूस नसला तरी चालतील, पण सुरुवात केली ती माणूस बसवूनच. आणि हे पण सांगा सासूबाईंना, की बऱ्याच मेट्रोत पुढं माणूस दिसतो तो गाडी "चालवत" नसतोच, तो दरवाजे लावतो, बटण दाबतो, पुढचा वेग नि ब्रेक सगळं मशीन बघतं. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ पासून अशीच चाललीय. त्याच्या वरची पायरी म्हणजे पुढं कोणी नाही पण डब्यात एक कर्मचारी फिरतोय, लंडनच्याच डॉकलँड्स रेल्वेत १९८७ पासून तसं आहे. आणि शेवटची पायरी, गाडीत कोणीच नाही. जपानमध्ये कोबेला १९८१ पासून तशी गाडी धावतेय, म्हणजे सासूबाई तरुण होत्या तेव्हापासून! आपल्या देशात दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर २८ डिसेंबर २०२० ला विनाचालक गाडी सुरू झाली, तिथंपण सुरुवातीला डब्यात माणूस ठेवलेला होताच.

बेंगळुरूला उतरलात की शेजारीच मॅजेस्टिकचं मेट्रो स्टेशन आहे, तिथनं ग्रीन लाइननं आर. व्ही. रोड, तिथं गाडी बदलायची. सासूबाईंना ऑटोमेशनचा त्रास व्हायचा नाही, मॅजेस्टिकच्या गर्दीचा आणि सरकत्या जिन्याचा होईल, लिफ्ट शोधा.

टिळकवाडीहून एक निवृत्त काका: आमचा निम्मा जन्म रेल्वे गेटावर उभं राहण्यात गेला. मिरज-लोंढा लाइनवर आता वायरी पण आल्या. मग मेट्रोसारखी ऑटोमॅटिक गाडी आपल्याकडं का चालवत नाहीत? आणि मुंबईची लोकल तरी का नाही?

काका, उत्तर तुमच्या गेटापाशीच आहे बघा. गेट पडल्यावर दुचाकी आडवी करून खालनं काढणारी माणसं तुम्ही रोज बघता. मेट्रोचा रूळ एकतर खांबावर नाहीतर जमिनीखाली, तिथं म्हैस येत नाही, शेतकरी येत नाही, शाळेची पोरं शॉर्टकट मारत नाहीत. पॅरिसची लाइन १ सन १९०० मधली, ती २०११-१२ मध्ये विनाचालक केली, तेव्हा गाड्या बदलायच्या आधी सगळ्या प्लॅटफॉर्मांच्या कडेला दरवाजे बसवले, म्हणजे गाडी थांबल्याशिवाय माणूस रुळापर्यंत पोचणारच नाही. सगळा खेळ वाट बंदिस्त करण्याचा आहे, मशीनला गाडी चालवायला शिकवणं हा त्यातला सोपा भाग.

आता तुम्ही म्हणाल, ड्रायव्हर तरी म्हशीला कुठं वाचवतोय? बरोबर आहे. ६ ऑक्टोबर २०२२ ला अहमदाबादजवळ वंदे भारतला म्हशी धडकल्या, पुढचं नाक फुटलं. शंभराच्या वेगानं निघालेली गाडी ब्रेक मारला तरी अर्धा-पाऊण किलोमीटर सहज जाते, डोळ्याला दिसून उपयोग काय. वॉशिंग्टनच्या मेट्रोत जून २००९ मध्ये पुढं थांबलेली गाडी सिग्नलच्या यंत्रणेला दिसलीच नाही, मागच्या गाडीच्या ऑपरेटरनं शेवटच्या क्षणी इमर्जन्सी ब्रेक दाबला, तरी ९ जण गेले, त्यात ती ऑपरेटर स्वतः. मग ड्रायव्हर लागतो कशाला? माझ्या मते तो लागतो गाडी थांबल्यावर. साखळी ओढली कुणी, ब्रेकचा पाइप सुटला, म्हैस चाकात अडकली, रात्री अकराला खानापूरच्या पुढं जंगलात गाडी उभी, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी बॅटरी घेऊन खाली उतरणारं कोणीतरी पाहिजेच की. मेट्रोत पुढचं स्टेशन किलोमीटरभर असतं, माणूस चालत येतो. कॅसलरॉकच्या घाटात कोण येणार चालत?

उघड्या रुळावर असं होतच नाही असं पण नाही. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीच्या लोखंडाच्या खनिजाच्या गाड्या २०१८ पासून विनाचालक धावतात, दोन-अडीच किलोमीटर लांब गाडी, आणि कंट्रोल रूम पर्थला, दीड हजार किलोमीटरवर. पण तिथं ओसाड माळ, आणि डब्यात माती, माणसं नाहीत.

मुंबईच्या लोकलचं तर विचारूच नका. दारं उघडी, लोक लटकलेले, गाडी सुटली तरी दोघं पळत येऊन चढणार. दार लागल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन गाडी हलवत नाही, मग दादरला ती संध्याकाळपर्यंत हलायचीच नाही. आधी दारं बंद होणारे डबे सगळीकडं यायला पाहिजेत. मधला रस्ता बघायचा तर दिल्ली-मेरठ नमो भारत, २० ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, स्वतःचा वेगळा बंदिस्त मार्ग, वेग नि ब्रेक यंत्रणा सांभाळते, तरीपण पुढं माणूस आहे.

आपल्या लाइनवर त्याआधी यायला पाहिजे ते "कवच". ते गाडी चालवत नाही, ड्रायव्हरनं लाल सिग्नल ओलांडला की ब्रेक मारतं, वेग जास्त झाला तर कमी करतं, गेटाजवळ आपोआप शिट्टी पण वाजवतं. म्हणजे तुमच्या झोपेचं काय होईल ते बघा.

खानापूर तालुक्यातला एक विद्यार्थी: सर, मी असिस्टंट लोको पायलटची तयारी करालोय. घरचे म्हणतात गाड्याच डायवरशिवाय चालणार तर कशाला वर्षं घालवतोस. काय करू?

अभ्यास कर. २०२४ ची जाहिरात आधी ५,६९६ जागांची होती, नंतर ती १८,७९९ वर गेली, २०२५ ला परत ९,९७० ची निघाली. वरचं काकांचं उत्तर घरच्यांना वाचून दाखव. मात्र मेट्रोत ट्रेन ऑपरेटर व्हायचं डोक्यात असेल तर जपून, ती नोकरी खरंच आकसणार. तिथं वाढेल ते सिग्नल, दुरुस्ती आणि कंट्रोल रूमचं काम, त्यामुळं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा जमत असेल तर तो करून ठेव.

निपाणीहून एक दुकानदार: मोबाइलचं नेटवर्क गेलं की आमचं यूपीआय बंद पडतंय. गाडीचं नेटवर्क गेलं तर?

निपाणीला अजून रेल्वे नाही आणि प्रश्न मात्र सगळ्यात खोल त्यांचाच! गाडी थांबते, एवढंच. रेल्वेचा इमर्जन्सी ब्रेक उलटा असतो, तो लागू नये म्हणून करंट चालू ठेवावा लागतो, करंट किंवा संपर्क गेला की तो लागतोच. २०१२ मध्ये चीनच्या शेनझेन मेट्रोत प्रवाशांच्या खिशातल्या वाय-फाय डबड्यांनी गाडीच्या सिग्नलमध्ये गोंधळ घातला, गाड्या मधेच थांबल्या, लोक वैतागले पण कोणाला लागलं नाही. यूपीआयसारखं "पैसे कटले पण पोचले नाहीत" तिथं व्हायला नको असतं.

भीती वाटावी ती दुसऱ्या प्रकाराची. जपानला योकोहामाजवळ १ जून २०१९ ला विनाचालक गाडी शेवटच्या स्टेशनातनं पुढं निघायच्या ऐवजी मागं गेली आणि टोकाच्या अडथळ्यावर आपटली, डझनाहून जास्त माणसं जखमी. कारण काय, तर एक वायर तुटलेली. मोटारींना दिशा सांगणारी तीच वायर. नवीन दिशेचा निरोप पोचला नाही तर गाडीनं जागेवर थांबायला पाहिजे होतं, पण मोटारींनी जुनीच दिशा धरून ठेवली. असं डिझाइन पास कसं झालं हे मला आजपण कळत नाही. पुढं माणूस असता तर दोन सेकंदात ओरडला असता. म्हणून कुठल्यापण नवीन लाइनवर पहिली दोन-चार वर्षं पुढं माणूस ठेवतात त्याला मी तरी उधळपट्टी म्हणणार नाही.

आत बसल्यावर काही झालंच तर दाराजवळ बोलायचं बटण असतं, ते दाबलं की कर्मचाऱ्याशी नाहीतर कंट्रोल रूमशी बोलता येतं. आधी डब्याचा नंबर सांगायचा, तो आत भिंतीवर लिहिलेला असतो, मग काय झालंय ते. आणि दार हातानं उघडायच्या भानगडीत पडायचं नाही, बाजूच्या रुळावरनं दुसरी गाडी येत असते.