बँड बांधण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. चाळीस जणांच्या मनगटाला सेन्सरचा बँड बांधायचा, पंधरा दिवस डेटा घ्यायचा आणि मग संगणकाच्या मॉडेलला ताण ओळखायला शिकवायचं, असं तू लिहिलं आहेस. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बँड ताण मोजत नाही. तो त्वचेखालची रक्ताची लाट, घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता, तापमान आणि हालचाल मोजतो. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलं की नाडी वाढते आणि दोन जिने चढल्यावरही वाढते. हा फरक तू कशावरून करणार, ते आधी ठरव.

त्यासाठी सुरुवात प्रयोगशाळेतच कर. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातून १९९३ साली आलेली चाचणी अजून वापरात आहे: परीक्षकांसमोर ५ मिनिटं भाषण, मग ५ मिनिटं तोंडी वजाबाकी. १०२२ मधून १३ वजा करत जायचं आणि चुकलं की पुन्हा १०२२ पासून. परीक्षकांनी मान डोलवायची नाही, हसायचं नाही. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, चाचणी संपल्यावर साधारण १० ते २० मिनिटांनी शिखर गाठतं, त्यामुळे चाचणी संपताक्षणी एकच नमुना घेऊन थांबू नकोस. सकाळी ते मुळातच चढलेलं असतं, म्हणून सगळ्यांना दुपारीच बोलव. आणखी एक फेरी हवीच: तितकाच वेळ उभं राहून मोठ्याने बोलायचं, पण समोर परीक्षक नाहीत. नुसत्या बोलण्यानेही श्वास आणि नाडी बदलते. ही फेरी गाळलीस तर तुझं मॉडेल ताण नाही, बोलणं ओळखायला शिकेल.

आता नाडीकडे. बँडमधला नाडी टिपणारा हिरव्या प्रकाशाचा सेन्सर २५ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला २५ नोंदींनी, चालवला तर दोन नोंदींत ४० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते सांगणारा आरएमएसएसडी हा आकडाच शांत बसलेल्या अनेकांत २० ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. म्हणजे मोजपट्टीच्या खुणा वस्तूएवढ्या लांब झाल्या. निदान १०० हर्ट्झ ठेव, शिखराची जागा इंटरपोलेशनने (दोन नोंदींमधली किंमत अंदाजाने भरून) काढ आणि पहिल्या काही जणांच्या छातीला २५० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त वेगाचा ईसीजी लावून ठोक्याला ठोका जुळवून बघ.

एक ठोका हुकला तर काय होतं, ते कागदावर कर. ५ मिनिटं, मिनिटाला ७५ ठोके, खरा आरएमएसएसडी ३०. ८०० मिलिसेकंदांच्या जागी एकच अंतर १६०० झालं, की उत्तर ६६ च्या आसपास येतं. पावणेचारशे ठोक्यांत एक चूक आणि आकडा दुपटीहून जास्त! म्हणून हालचालीचा प्रत्येक तुकडा अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) बघून बाजूला काढ. बँड मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला बांध; सैल नको आणि फार आवळूनही नको. सैल बँडमध्ये बाहेरचा प्रकाश शिरतो, आवळला तर लाटच चपटी होते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन हिरवा प्रकाश जास्त शोषतं. अशा वेळी एलईडीचा करंट वाढव. त्या माणसांच्या फाइली ‘खराब’ म्हणून टाकून देऊ नकोस.

नाडीच्या चढउतारांतला मंद भाग (एलएफ) आणि जलद भाग (एचएफ) यांचं गुणोत्तर वाढलं की ताण, असं अनेकदा धरतात; त्यावर मात्र निष्कर्ष उभारू नकोस. मिनिटाला ६ श्वास घेणाऱ्याचा श्वास ०.१ हर्ट्झवर पडतो, म्हणजे एलएफच्या पट्ट्यात. शांतपणे प्राणायाम करणारा माणूस या हिशेबात ताणाखाली दिसेल.

वाहकतेसाठी खात्रीची जागा बोटं किंवा तळहात. मनगटावर प्रतिसाद क्षीण येतो. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड, ०.५ व्होल्टचा स्थिर विद्युतदाब आणि सौम्य खारट जेल वापर. ईसीजीचं जेल वापरू नकोस, त्यातल्या जास्त मिठाने आकडे फुगतात. हात नुसत्या पाण्याने धुवायला सांग, साबण नको. इलेक्ट्रोड लावल्यावर १० मिनिटं थांब. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यातून आलेल्या माणसाला थंड खोलीत आधी पुरेसं बसव, नाहीतर तू मोजशील तो रस्त्यावरचा घाम. उत्तेजनेनंतर प्रतिसाद १ ते ३ सेकंदांनी उमटतो, त्यामुळे उपकरणांची घड्याळं जुळायला हवीत. २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) चुकणारं घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतं, पंधरा दिवसांत जवळजवळ २६. बँड आणि ईसीजीचं उपकरण एकत्र धरून रोज सुरुवातीला आणि शेवटी तीनदा झटका दे. आलेखावर ती खूण स्पष्ट दिसते.

मॉडेल तपासताना एका माणसाचा संपूर्ण डेटा बाहेर ठेव. एकमेकांवर चढलेल्या ६० सेकंदांच्या खिडक्या (डेटाचे तुकडे) शिकवण्यात आणि परीक्षेत यदृच्छया विभागल्यास, तर त्याच माणसाचा तोच मिनिट शिकण्यातही येतो आणि परीक्षेतही. मग ९५ टक्के अचूकता दिसली तरी तिला अर्थ नाही. २०१८ चा वेसॅड हा ताण ओळखण्यासाठीचा १५ जणांचा खुला डेटासंच आहे, त्यावर ही पद्धत आधी करून बघ.

नीतिसमितीची मंजुरी पहिला बँड बांधण्याआधी घे. संमतीपत्रात स्पष्ट लिही, की कुणाचाही वैयक्तिक आकडा त्याच्या साहेबांपर्यंत जाणार नाही.

सध्या चाळीस नको, पाचच जण घे. त्यांचे गाळणी न लावलेले कच्चे आलेख मला पाठव, बँड आणि ईसीजी एकाखाली एक.