दारू एकदम तोडावी का?

प्रश्न (अंबड, जि. जालना): लॉकडाऊनमध्ये धंदा बसला, तेव्हापासून भाऊ रोज दोन क्वार्टर घेतो. खोलीत कोंडून सोडवावी का?

उत्तर: ताई, कोंडू नका. रोजची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो. हे जिवावर बेतू शकतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का, हे सांगा. गावात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका, त्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) लागतं. फिट आलीच तर कांदा, चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा. मन खचलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतून.