साडेतीन मिनिटांसाठी छत्तीसशे रुपये?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगत राहतो. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. घरी वॅगनआर आहे (टायर १६५/७० आर १४, वर्षाला सुमारे ९,००० किलोमीटर) आणि माझी अ‍ॅक्टिव्हा. हवा भरायला जवळचं ठिकाण ९ किलोमीटरवर. गाडीचं मागचं डावं चाक चार-पाच दिवसांनी बसतं, म्हणून महिन्यातून दोनदा तरी फक्त हवेसाठी जावं लागतं, एरवी तसंच दामटतो. तीन यंत्रं पाहिली आहेत : गाडीच्या सॉकेटवर चालणारं वायरवालं १,४०० रुपयांना, बॅटरीवालं छोटं २,६०० ला आणि बॅटरीवालंच, पण फार वेगवान, ६,२०० ला. मुलगा म्हणतो वेगवानच घे, सहा महिन्यांचा बिनव्याजी हप्ता आहे, पाहुण्यांच्या गाड्यांनाही होईल आणि धंद्याचा खर्च दाखवता येईल. सासरे दुपारी झोपतात, आवाजाचीही काळजी आहे. काय करावं?

ताई, आधी ते मागचं डावं चाक बघू. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातलाय, ते चाक नुसती हवा भरून बरं होणार नाही.

निरोगी टायर महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सोडतो. चार दिवसांत बसणारा टायर म्हणजे गळती. घरीच शोधता येईल. वाटीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घाला, व्हॉल्व्हची टोपी काढा आणि तोंडावर दोन थेंब सोडा. थेंबाचा घुमट होऊन हळूहळू फुगला तर आतली पिन गेली आहे. पंक्चरवाला ती वीस-पन्नास रुपयांत बदलतो. घुमट झाला नाही, तर व्हॉल्व्हचा रबरी देठ बोटाने जरा वाकवा आणि बुडाशी साबण लावा. देठाला चिरा गेल्या असतील तर तिथे बुडबुडे येतील. दोन्हीकडे काही दिसलं नाही, तर टायर आणि लोखंडी रिम जिथे भेटतात त्या कडेवरून साबणपाणी गोल फिरवा. खाऱ्या हवेत ती कड गंजते, गंजाच्या पापुद्र्यावर रबर नीट टेकत नाही, आणि बारीक फेसाची एक रेघ दिसू लागते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे दुखणं फार आढळतं. उपाय म्हणजे टायर उतरवून कड तारेच्या ब्रशने घासायची, रंगाचा हात द्यायचा आणि बीड सीलर (कडेची फट बुजवणारा लेप) लावून टायर परत चढवायचा. खर्च दोन-तीनशे रुपये. फेस यातल्या कुठेच नाही आला, तर रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात घुसलेला खिळा शोधा.

टायर उतरेलच तर त्याच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचून घ्या. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातला. सहा-सात वर्षं उलटली असतील आणि बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील, तर ६,२०० रुपयांचं खरं काम तिथे आहे, यंत्रात नाही.

आता यंत्र घ्यावं का? घ्यावं. हिशेब सरळ आहे. जाऊन-येऊन १८ किलोमीटर, म्हणजे तुमच्या गाडीला साधारण एक लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याच्या दोन फेऱ्यांचे २१०, वर्षाचे २,५२०. कमी हवेवर गाडी दामटली की पेट्रोलही जास्त जातं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा की चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. पाच पीएसआय कमी म्हणजे एक टक्का. तुमच्या ५०० लिटरांवर ५२५ रुपये. टायर कडेने झिजतात ते वेगळंच.

पण ही सगळी बचत तिन्ही यंत्रांत सारखीच आहे. १,४०० चं यंत्र सात महिन्यांत पैसे फेडतं, २,६०० चं वर्षभरात. ६,२०० चं घेतलं म्हणून पेट्रोलचा एक थेंबही जास्त वाचत नाही. वरचे ३,६०० रुपये फक्त वेगाचे आहेत. मग तो वेग मोजूनच बघू.

तुमच्या टायरात साधारण २४ लिटर जागा आहे. २६ वरून ३३ पीएसआयला न्यायचं म्हणजे जवळपास अर्धा बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) वाढवायचा, म्हणजे बाहेरची १२ लिटर हवा आत कोंबायची. छोट्या यंत्राच्या खोक्यावर ‘मिनिटाला १५ ते २० लिटर’ असं छापलेलं असतं, पण तो आकडा समोर दाब नसतानाचा. टायरात ३० पीएसआय असताना हाती निम्मंच लागतं, आठेक लिटर धरा. म्हणजे एका चाकाला दीड मिनिट, चारांना सहा. वेगवान यंत्र तेच काम चाकामागे ३५ सेकंदांत करेल, चारांना अडीच मिनिटांत. फरक साडेतीन मिनिटांचा. पंधरवड्यातून एकदा हवा बघितली तर वर्षाला दीड तास, तीन वर्षांत साडेचार तास. ३,६०० भागिले साडेचार, म्हणजे वाचवलेल्या प्रत्येक तासाचे तुम्ही ८०० रुपये मोजणार. शिवाय टोप्या काढणं, खाली बसणं, नळी फिरवून घट्ट करणं, याला दोन्हींत तितकाच वेळ लागतो.

वेगाचा खरा उपयोग एकाच ठिकाणी : टायर पूर्ण बसला आणि तुम्ही रस्त्यावर आहात. शून्यावरून ३३ ला न्यायला सुमारे ५५ लिटर हवा लागते. वेगवान यंत्र तीन मिनिटांच्या आत भरेल, छोट्याला सहा-सात मिनिटं लागतील आणि तोवर ते चांगलंच तापेल. त्याला दहा-पंधरा मिनिटं विश्रांती दिल्याशिवाय पुढचं चाक घेऊ नका. नळीच्या टोकाचं पितळ तर इतकं तापतं की काढताना बोट भाजतं. फडकं जवळ ठेवा. टायर रिमवरून सुटला असेल तर छोटं काय नि मोठं काय, यातल्या कुणाच्याही हवेने तो परत बसत नाही. तिथे मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसरच हवा, नाहीतर स्टेपनी.

बॅटरीबाबत जाहिरातीतल्या एमएएचच्या (सेलच्या क्षमतेच्या) आकड्यावर जाऊ नका. आत २,००० एमएएचचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्याने व्होल्ट वाढतात, एमएएच नाही, तरी खोक्यावर ६,००० छापतात. वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा, बघा. २,००० एमएएच गुणिले ११.१ व्होल्ट, म्हणजे २२ वॉट-अवर. मोटर ९० वॉट ओढते असं धरलं तर पूर्ण चार्जवर चौदा-पंधरा मिनिटं, आणि बॅटरी जुनी झाली की दहा. घरच्या गाडीला आणि अ‍ॅक्टिव्हाला हे पुरतं. १५ वॉट-अवरचं असेल तर घेऊ नका, पैसे वाचतात पण भर रस्त्यात जीव सोडतं.

आवाजात वेगवान यंत्र काही शांत नसतं. ही यंत्रं जवळून ७५ ते ८५ डेसिबलच्या घरात ओरडतात, मिक्सरसारखी. महाग यंत्र लवकर गप्प बसतं, इतकाच फरक. कुणी ६५ डेसिबल लिहिलं असेल तर किती अंतरावरून मोजलं ते विचारा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो : एका मीटरवर ८० असेल तर आठ मीटरवर ६२. सासऱ्यांच्या झोपेवरचा उपाय म्हणून गाडी खिडकीपासून लांब, खळ्याच्या दुसऱ्या टोकाला लावा आणि यंत्र पायपुसण्यावर ठेवा. पडवीतल्या लादीवर ठेवलं तर ते नाचत फिरतं आणि त्या खडखडाटाचाच आवाज मोटरपेक्षा जास्त होतो. तसंही हवा सकाळीच भरायची असते, टायर थंड असताना. चिपळूणहून आल्या आल्या मोजलं तर तापलेल्या टायरात तीन-चार पीएसआय जास्त दिसतील आणि तुम्ही उगाच हवा काढाल.

मग १,४०० चं वायरवालं का नको? नुसत्या गाडीपुरता प्रश्न असता तर तेच घ्या म्हटलं असतं. त्याला बॅटरी नाही, त्यामुळे सहा-सात वर्षं सहज चालतं. वर्षाला दोनशे रुपये पडतात. २,६०० चं बॅटरीवालं तीन वर्षांचं धरा, कारण आतले सेल बदलून मिळणं कठीण, वर्षाला ८६७. वेगवानला त्याच हिशेबाने २,०६७. पण वायरवाल्याला दहा अँपिअर लागतात, ते स्कूटरच्या चार्जिंग पॉइंटमधून मिळत नाहीत. गाडी चिपळूणला गेलेली असताना सड्यावरच्या रस्त्यात अ‍ॅक्टिव्हा बसली तर ते यंत्र तुमच्या काय कामाचं? छोटं बॅटरीवालं सीटखाली मावतं. वरचे १,२०० रुपये मी त्यासाठी देईन. अ‍ॅक्टिव्हाच्या टायरावर ट्यूबलेस लिहिलंय का तेवढं बघा. ट्यूब असेल तर पंक्चर झाल्यावर कुठल्याच यंत्राचा उपयोग नाही.

ट्यूबलेसमध्ये खिळा घुसलेला दिसला तर तो उपटू नका. तोच बूच असतो. हवा भरा आणि सावकाश पंक्चरवाल्याकडे जा. शिवाय साडेतीनशे रुपयांचा पट्टी लावायचा संच यंत्रासोबत घ्या. भोक बुजवण्याची सोय नसेल तर ६,२०० चं यंत्रही एकीकडून भरतं आणि टायर दुसरीकडून सोडतो.

बिनव्याजी हप्त्याचं थोडक्यात. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट देतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी, आणि बहुधा प्रक्रिया शुल्क. ६,२०० वर सहा महिन्यांना व्याज पावणेतीनशेच्या आसपास, त्यावर कर ५०, शुल्क १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे बिनव्याजी म्हणता म्हणता २८५ रुपये गेले. रोख घेतल्यावर मिळणारी सूट हुकते ती निराळी. गणपतीच्या महिन्यात आधीच खर्चाची रांग असते, त्यात फेब्रुवारीपर्यंत चालणारा आणखी एक हप्ता नको.

धंद्याच्या खर्चाचा मुद्दा मुलाने ऐकीव सांगितलेला दिसतो. छोटा व्यवसाय अनुमानित पद्धतीने विवरण भरत असेल तर उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरला जातो. त्यातून पंपाचं बिल वेगळं वजा होत नाही. जीएसटी नोंदणी नसेल तर त्याचाही परतावा नाही.

पाहुण्यांच्या गाड्यांसाठी मोठं यंत्र घेऊ नका. एसयूव्हीचा टायर तुमच्या टायरच्या दुप्पट हवा खातो, चार चाकांत बॅटरी संपेल आणि संध्याकाळी तुम्हालाच गरज पडेल. पुण्या-कोल्हापूरकडून उतरलेल्या पाहुण्याला गंमत म्हणून एवढं जरूर सांगा : साडेपाचशे मीटर खाली आल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून टायर न गळताही गेज एखादा पीएसआय कमी दाखवतो. पुढे पर्यटकांसाठी ईकोसारखी मोठी गाडी घेतलीच, तर तेव्हा थेट बॅटरीच्या टोकांना चिमटे लावून चालणारा वायरवाला कॉम्प्रेसर बघा.

म्हणजे खर्च असा : यंत्र २,६००, पट्टीचा संच ३५०, वेगळा साधा गेज २५०. एकूण ३,२००, रोखीने. घेताना बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होण्याची सोय, सुटी बदलता येणारी नळी आणि वॉरंटीत बॅटरी किती महिने धरली आहे, एवढं वाचा. परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाक २६ वरून ३३ ला भरून वेळ लावा आणि गेजशी ताडून बघा. नळी काढताना फुस्स करून थोडी हवा जातेच, स्कूटरच्या छोट्या टायरात जास्त जाणवते. तिथे एक-दोन पीएसआय वर ठरवा.

यंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्यात लिथियम बॅटरी तिथे भाजून निघते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर चार्जिंगच्या खाचेत हिरवा गंज धरतो. भरून किंवा पूर्ण रिकामं ठेवू नका, निम्मं चार्ज ठेवा आणि प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण भरा. वापरल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या.

ऑर्डर मात्र आज करू नका. चाक दुरुस्त करून आणा, ३३ भरा, आणि आठ दिवस रोज सकाळी गेज लावून आकडा कॅलेंडरवर लिहा. मोजताना थोडी हवा सुटते, तेवढा एखाद-दुसरा पीएसआय उतरला तर चालेल. नवव्या दिवशी २८ आलं तर परत पंक्चरवाल्याकडे जा आणि त्याला रिमची आतली बाजू उघडून दाखवायला सांगा.